टफन्ड काचेला भोक का पाडता येत नाही?

प्रश्न : बाथरूमच्या पार्टिशनला हँडलसाठी एक भोक पाडून हवं होतं. काच टफन्ड आहे म्हणून काचवाल्याने साफ नकार दिला. काच एवढी मजबूत, मग अडचण काय? मोबाइलची काचही अशीच बनवतात का?

उत्तर : काचवाल्याचं अगदी बरोबर आहे. काच दाबाला सहज पुरून उरते; ती फुटते ताणामुळे. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, ताण आला की त्या उघडतात. यावर उपाय म्हणून काच सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. वरचा थर लगेच घट्ट होतो. गाभा सावकाश निवतो आणि आकसताना त्या थराला आत ओढून धरतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो, गाभा ताणाखाली. चौपट-पाचपट ताकद येते ती इथून. पण ड्रिल गाभ्यापर्यंत पोचलं, की अख्खी काच क्षणात चुरा होते. कापणं, भोकं, कडा घासणं, सगळं भट्टीआधीच उरकावं लागतं.

मोबाइलच्या पातळ काचेला ही हवेची रीत सहसा जमत नाही. ती वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, ४०० अंशांच्या आसपास, काही तास बुडवतात. सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसावा तसे.

तुम्ही भोकाचं माप देऊन नवी काच करून घ्या. बसवताना कडा टाइलवर आपटू देऊ नका. टफन्ड काच कडेलाच सर्वांत नाजूक असते.