अस्तंब्याहून परतल्यावर कमी भरते ते काय?

प्रश्न : दरवर्षी धनत्रयोदशीला मी मित्रांबरोबर तळोद्याहून अस्तंब्याच्या यात्रेला पायी जातो. परत आल्यावर वजन दीड-दोन किलो कमी भरते, पण आठ दिवसांत ते होते तिथे येते. उलट गेले दोन महिने रोज सकाळी तासभर चालतो आहे, तर काटा जेमतेम किलोभर हलला. मग रोजच्या चालण्याने काही होत नाही, एकदम दमछाक झाली तरच चरबी झडते, असे समजायचे का?
— एक वाचक, तळोदा

उत्तर : काट्याने तुम्हाला दोन्ही वेळा खरेच सांगितले आहे. फक्त पहिल्या वेळी तो चरबीबद्दल बोलत नव्हता.

आधी यात्रेचा हिशेब मांडू. तुमचे वजन ७० किलो धरू. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चाललात, तर सुमारे २४५ कॅलरी खर्च होतात. पण त्यातल्या सत्तरेक कॅलरी तुम्ही घरी बसून राहिला असतात तरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १७५, किलोमीटरला ३५. येऊनजाऊन पन्नास किलोमीटर धरले तर १,७५० झाल्या. अस्तंबा १,३२५ मीटर उंच आहे. त्यासाठी हजारेक मीटर चढावे लागते असे मानले, तर चढाचे आणखी साडेसहाशे. एकूण २,४०० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे वाटेत काहीही जास्त न खाता चरबी गेली ती तीनशे ग्रॅमच्या आसपास.

मग उरलेले सव्वा-दीड किलो कुठे गेले? ते बहुतांश पाणी. काही घामावाटे गेले, हे तर उघडच आहे. पण आणखी एक साठा असतो, त्याची गंमत कमी लोकांना माहीत असते. खाल्लेल्या भाकरीतली, भातातली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा चार-पाचशे ग्रॅमचा, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेला. डोंगर चढताना स्नायू आधी हीच शिदोरी सोडतात. साठा संपत आला की त्याच्याबरोबरचे पाणीही सुटते. घरी येऊन दिवाळीचा फराळ आणि पोटभर जेवण झाले की साठा भरतो, पाणी परत येते, आणि काटा पूर्वीच्या आकड्यावर. यात तुमची काही चूक झालेली नाही. पुढच्या चढासाठी शरीराने तयारी करून ठेवली, इतकेच.

घामाबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करू. उन्हाळ्यात स्वेटर घालून किंवा पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणारे लोक मी पाहिले आहेत. घाम हे शरीर थंड ठेवण्याचे साधन आहे. चरबी वितळून घाम होत नाही. तांब्याभर पाणी प्यायले की ते ‘घटलेले’ वजन परत येते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा प्रकार सरळ धोक्याचा आहे. आपल्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांनी तर शरीरातले पाणी कधीच कमी होऊ देऊ नये. दमछाक करणारी चाल धरण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारावे, ही माझी कळकळीची विनंती.

आता तुमचे दोन महिने. रोजच्या १७५ कॅलरी, साठ दिवसांच्या १०,५००. म्हणजे चरबी सुमारे एक किलो तीनशे-चारशे ग्रॅम. तुमचा किलोभर त्याच्या जवळच आहे, आणि हा किलो खऱ्या चरबीचा आहे! उरलेले कुठे गळले, याचा शोध नाश्त्यात लागेल. पन्नास ग्रॅम शेवेत पावणेतीनशे कॅलरी असतात, तासभराच्या चालण्याहून जास्त. चालल्याने भूक थोडी वाढते, आणि ‘आज चाललो आहे’ म्हणून हातही सैल सुटतो. म्हणून केवळ चालून वजन झपाट्याने उतरत नाही. आहार आवरून उतरवलेले वजन पुन्हा चढू न देणे, हे काम मात्र नियमित चालणे फार चांगले करते.

दहा हजार पावलांचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. तो आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला आणले, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावले’ होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगते. बोलता येते पण गाता येत नाही, अशी चाल म्हणजे मध्यम. तुमचा रोजचा तास त्यापेक्षाही जास्तच होतो.

महामार्गाच्या कडेने चालत असाल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चाला. उसाच्या हंगामात तर नक्कीच. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर करा, आणि कमरेचा घेरही मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. काटा थांबला तरी घेर उतरताना दिसू शकतो. यंदाच्या यात्रेनंतर मात्र दहा दिवस काट्यावर उभे राहू नका. त्याऐवजी चढावर किती वेळा दम खायला थांबलात, ते गेल्या वर्षीशी ताडून पाहा आणि मला कळवा.