चार दिवसांचा आठवडा : हिशेब तासांचा

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला उभा राहतो. या शहराचे आधुनिक जीवन मात्र रेल्वेने घडविले आहे. दिल्लीहून मुंबईकडे आणि चेन्नईकडे जाणाऱ्या मार्गांवरील हे मोठे जंक्शन असून २०२१ च्या अखेरीस त्यास ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे नाव देण्यात आले. रेल्वेचे विभागीय कार्यालय आणि मालडबे दुरुस्तीचा कारखानाही येथेच आहे. या स्थानकास रविवार ठाऊक नाही; तेथे राबणाऱ्या माणसास मात्र विश्रांतीचा हक्क आहे. संस्थेचा आठवडा निराळा आणि माणसाचा आठवडा निराळा, हा भेद लक्षात घेतल्यास चार दिवसांच्या आठवड्याची चर्चा समजणे सोपे जाते.

सुट्टीची वाटचाल

साप्ताहिक सुट्टी आपणास आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर कायद्याने कामाचे तास टप्प्याटप्प्याने घटविले. कारखान्यांतील आठवड्याची मर्यादा १९२२ मध्ये ६० तास झाली. बारमाही कारखान्यांसाठी ती १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तासांवर आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने हीच मर्यादा कायम ठेवली.

कार्यालयांची वाटचाल यापेक्षा वेगळी आहे. केंद्र शासनाच्या कार्यालयांत जून १९८५ मध्ये, तर महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. महाराष्ट्रात या बदल्यात रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढविण्यात आली. बँकांमध्ये १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला आणि उर्वरित शनिवार पूर्ण कामकाजाचे ठरले. सर्व शनिवारी सुट्टी देण्याबाबत भारतीय बँक संघ व कर्मचारी संघटना यांच्यात मार्च २०२४ मध्ये सहमती झाली, तीही रोज सुमारे ४० मिनिटे अधिक काम करण्याच्या अटीवर आणि शासनाच्या मंजुरीच्या अधीन राहून.

खरे गणित

सहा दिवसांचे पाच करताना रोज पाऊण तास अधिक द्यावा लागला. पाचाचे चार करताना एवढ्यावर भागत नाही. आठवड्याचे ४० तास पाच दिवसांत विभागले तर रोजचे ८ तास होतात, चार दिवसांत विभागले तर १०. कारखान्याचे ४८ तास चार दिवसांत बसवायचे झाल्यास दिवस १२ तासांचा होतो. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यानंतर केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये असा खुलासा केला, की चार दिवस १२ तास काम व उरलेले तीन दिवस सवेतन सुट्टी अशी मांडणी शक्य आहे; मात्र आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामास दुप्पट वेतन द्यावे लागेल.

म्हणजेच ‘चार दिवसांचा आठवडा’ या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरतात. एकीत तास तेवढेच राहून दिवस लांबतो. बेल्जियमने २०२२ मध्ये कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून अशी मुभा दिली. दुसरीत वेतन कायम ठेवून तासच कमी होतात. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने या दुसऱ्या पद्धतीचा प्रयोग केला आणि त्यांतील बहुतेकांनी तो पुढे चालू ठेवला. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला गेला, तोही वेतनकपात न करता.

झाशीच्या फलाटावरील धडा

बारा तासांचा दिवस सर्वांस सारखा पेलवेल काय? या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या कायद्यात सापडते. १९८९ चा रेल्वे अधिनियम सर्व कामांना एका मापाने मोजत नाही. सतत एकाग्रता अथवा कष्ट लागणाऱ्या कामास आठवड्याला सरासरी ४५ तास, सर्वसाधारण अखंड कामास ५४ तास आणि मध्ये बराच काळ मोकळा जाणाऱ्या कामास ७५ तास अशी कमाल मर्यादा त्यात आहे. गाडी चालविणाऱ्यांना ठराविक वार मिळणे अवघड. म्हणून त्यांना महिन्यातून ३० तासांच्या किमान चार, अथवा पूर्ण रात्रीसह २२ तासांच्या किमान पाच सलग विश्रांती द्याव्या लागतात. कामाचा ताण जेवढा अधिक, तेवढे तास कमी, हे यामागील तत्त्व होय.

हेच तत्त्व रोखपालास आणि यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिरासही लागू पडते. दहाव्या-अकराव्या तासाला नोटा मोजताना झालेली चूक तिसऱ्या दिवसाच्या सुट्टीने भरून निघत नाही. ज्या कर्मचारी भगिनीस घरी परतल्यावर स्वयंपाक व मुलांचा अभ्यास पाहावयाचा असतो, तिच्या दृष्टीने लांबलेला दिवस हाच मोठा खर्च ठरतो.

बँक आणि ग्राहक

कर्मचाऱ्याचा आठवडा आटोपशीर होत असताना बँकसेवेचा आठवडा मात्र विस्तारत गेला आहे. ‘एनईएफटी’ सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि ‘आरटीजीएस’ सेवा १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास उपलब्ध आहे. तथापि निवृत्तिवेतनधारकास नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, छोट्या व्यापाऱ्यास रोकड भरावयाची असते. त्यांना खिडकीपलीकडे माणूस लागतोच. म्हणून शाखा बंद ठेवणे आणि कर्मचाऱ्यास पाळीपाळीने सुट्टी देणे, या दोहोंची गल्लत होता कामा नये. पाळी लावावयाची तर मनुष्यबळ पुरेसे हवे, हेही तितकेच खरे.

चार दिवसांच्या आठवड्याचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावेत. एकूण तास घटणार आहेत की केवळ दिवस लांबणार आहे? त्या कामाचा ताण एवढा लांब दिवस सहन करील काय? आणि पाचव्या दिवशी दारी आलेल्या ग्राहकाचे काम कोण करील? लोखंड्यांनी मागितला होता तो थकलेल्या माणसाचा विसावा. सुट्टीचे दिवस वाढूनही तो विसावा पदरी पडत नसेल, तर हिशेबात कोठेतरी चूक आहे असे समजावे.