लाखेच्या सीलच्या आत

नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. लग्नाच्या पंगतीत लोक अजूनही मठ्ठ्याचा ग्लास पुढे धरून म्हणतात, "बघा बरं मॅडम, ठीक आहे ना?" नुसत्या डोळ्यांनी मला त्यांच्याहून जास्त काही दिसत नाही, यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

१. अन्नाआधी लाख तपासायची असते. बरणी आली की तिच्यावरचं सील वेगळ्या लिफाफ्यातून आलेल्या ठशाशी ताडून पाहायचं. सील फुटलेलं असेल तर आत अमृत असो की विष, नमुना बाजूला ठेवून दुसरा भाग मागवायचा. एम.एस्सी. करून लाखेचे तुकडे बघत बसायचं, याची सुरुवातीला मला लाज वाटायची. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतात, त्यातला एक आमच्याकडे येतो. आमचा अहवाल दुकानदाराला पटला नाही, तर अपील करून दुसरा भाग रेफरल प्रयोगशाळेकडे नेता येतो. माझ्यावर अविश्वास ठेवायची सोय कायद्यानंच केलेली! आधी राग यायचा. पुढे रात्रीची झोप त्या सोयीमुळेच लागायची.

२. गाय काय खाते, हे ठाऊक नसेल तर तुपाबद्दल बोलू नये. तुपाची आर.एम. व्हॅल्यू, म्हणजे त्यातल्या उडून जाणाऱ्या आम्लांचं माप, काढायची तर मोजून पाच ग्रॅम तूप घ्यायचं, सोडा-ग्लिसरीनमध्ये शिजवायचं, आम्ल घालून ऊर्ध्वपातन करायचं आणि जे थेंब पडतील त्यांचं टायट्रेशन करायचं. त्या थेंबांतल्या ब्युटिरिक आम्लाचा वास साडीला असा चिकटतो, की सिटी बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहावी. एवढं करून आकडा कमी आला, की नवशिक्याच्या तोंडून 'भेसळ' निघतंच. पण आपला विदर्भ कपाशीचा. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हा आकडा मुळातच उतरतो आणि अपवर्तनांकाचं बी.आर. रीडिंग चढतं. म्हणून तर जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळं मानक होतं. परीक्षानळीत गोठा दिसत नाही, हे मला रसायनशास्त्रानं नाही, कपाशीनं शिकवलं. वनस्पती तुपाचं मात्र सोपं. कारखान्यानं त्यात तिळाचं तेल घालायचंच, असा नियम केलेला. कोणी ते साजूक तुपात मिसळलं, तर बॉडुइन चाचणीत तीळ लालभडक रंगात चुगली करतो. चोराच्या खिशात आधीच घंटी बांधून ठेवणारा तो कोण अधिकारी असेल, त्याला माझा नमस्कार.

३. एकाच बरणीला सगळे प्रश्न विचारता येत नाहीत. दुधात फॉर्मलिन घालणं गुन्हा. पण रासायनिक तपासणीचा दुधाचा नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मलिन नियमानंच घालतात. मग त्या बाटलीत जंतू शोधायचे कसे? त्यासाठी निर्जंतुक भांड्यात, बर्फात घालून दुसरा नमुना आणावा लागतो, तोही नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना. महाप्रसादातून विषबाधा झाली, की हमखास निरोप यायचा, "मॅडम, गंज तर घासून ठेवले." उरलंसुरलं आणणारे वर सांगायचे, "पण उकळलं होतं ना!" स्टॅफिलोकोकसचा जंतू उकळल्यावर मरतो. त्यानं आधीच सोडलेलं विष मरत नाही.

४. जंतूंना घाई नसते, दिवाळीला असते. खव्याचे नमुने सणाच्या तोंडावर येतात आणि अहवालाला कायद्यानं चौदा दिवस दिलेले. प्लेटवर वसाहती उगवायलाच दोन दिवस लागतात. अहवालावर सही होईपर्यंत बर्फी कोणाच्या तरी पोटात गेलेली असायची. कधी कधी माझ्याच.

५. कायद्याचा रंगही बदलतो. लाखोळीच्या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तुरीच्या डाळीत लाखोळीचे पाचरीसारखे दाणे शोधणं आमचं कामच. इकडे भंडारा-गोंदियाकडचे सहकारी डब्यात तिचीच भाजी आणायचे, धानाच्या बांधीत त्यांच्या आज्यानं पेरलेली. नागपूरच्याच डॉ. शांतिलाल कोठारींनी या डाळीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. पुढे महाराष्ट्रानं बंदी उठवली. दुष्काळात दुसरं काही न मिळाल्यानं महिनोन्महिने तीच खाणं वेगळं आणि वरणभाताबरोबर वाटीभर खाणं वेगळं, हे मला पटतं. तरी चिमटीत ते दाणे वेगळे काढणारा हात अजून सवय सोडत नाही.

६. 'नापास' म्हणजे विष नव्हे. कागदावर अप्रमाणित, मिथ्याछाप आणि असुरक्षित असे तीन वेगळे शब्द असतात. दुधात पाणी, लेबलवर तारीख नाही, असली प्रकरणं पहिल्या दोनांत जातात. पेपरात तिन्हींचं एकच होतं, 'भेसळ'. घरोघरी तर आता व्हिडिओ बघून प्रयोगशाळा निघाल्या आहेत. परवा नणंदेचा फोन आला. तिनं हळदीवर संडास धुवायचं ॲसिड टाकलं होतं आणि हळद गुलाबी झाली होती. मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंग असला तर गुलाबी होतेच. पण शुद्ध हळदही होते, फक्त पाणी घातलं की तिचा रंग जातो. "ताई, पाणी घालून पाहिलंत का?"

"ते व्हिडिओत नव्हतं बाई." तोवर शेतातली, घरी दळलेली दोन किलो हळद नालीत गेली होती.