ओठ न मिटता रामायण

मुलांनो, ‘बारामती’ हा शब्द मोठ्याने उच्चारा. ‘बा’ म्हणताना ओठ मिटतात, ‘म’ म्हणताना पुन्हा मिटतात. आता ‘इंदापूर’ म्हणा. येथे ते ‘पू’पाशी एकदाच मिटतात. प, फ, ब, भ, म या व्यंजनांचा उच्चार ओठांनी होतो. म्हणून त्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात.

याच बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) राहत असत. रामकथा त्यांनी नाना प्रकारे रचली. त्यांपैकी एका रचनेचे नाव ‘निरोष्ठ रामायण’. तीत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले आहेत. पण ‘राम’ या नावातच ‘म’ आहे! ज्याची कथा सांगायची, त्याचेच नाव घेता येत नाही. केवढी ही अडचण! परंतु ‘दाशरथी’ म्हणून पाहा. ‘जानकीनाथ’ म्हणून पाहा. ओठ मिटत नाहीत, आणि अर्थ तर रामच. ज्याच्यापाशी शब्दांचा साठा आहे, त्याची वाट एका शब्दावाचून अडत नाही.

नुसत्या डोळ्यांनी भराभर ओळी संपविणाऱ्याला ही खुबी कधीच कळणार नाही. म्हणून कविता आधी मोठ्याने वाचावी, ती कानांनी ऐकावी आणि मग तिचा अर्थ शोधावा.

स्वाध्याय
१. ‘भीमा’, ‘नीरा’, ‘कऱ्हा’ ही नद्यांची नावे उच्चारा. कोणत्या नावात ओठ मिटतात?
२. ‘माता’ या शब्दाऐवजी ओष्ठ्य वर्ण नसलेले दोन शब्द सांगा.