कपाटाचा कारभार

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात हिने फर्मान काढलं, "माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको. हवं तर कपड्यांचं कपाट घ्या ताब्यात." घेतलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला एक कपाट ते काय! तीन वर्षं झाली. एवढ्या अवधीत वापरून जेवढे कपडे फाटले नसते, तेवढे माझ्या काळजीने कामी आले.

१. हळदीच्या डागापेक्षा माझी घाई वाईट. पांढऱ्या नेहरूशर्टावर कढी सांडली म्हणून लगेच साबणाची वडी घासली, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक! मी ब्लीच आणायला चपला घालत होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं. साबणानं वेगळं काय होणार?" क्षार तो क्षारच. भरपूर पाण्यात खळबळून काढल्यावर डाग पुन्हा पिवळा झाला. मग तो शर्ट ओलाच कडक उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तिसऱ्या दिवशी डाग नेमका कुठे होता ते शोधावं लागलं. रंगीत कपड्याला मात्र हा उपाय नको. हळदीआधी त्याचाच रंग उडतो. हेही मी करून पाहिलेलं आहे.

२. नीळ पिवळेपणा काढत नाही, नजरेला चकवते. पिवळटावर निळी झाक आली की आपल्याला पांढरं दिसतं, एवढंच. हे कळण्याआधी मी बादली न ढवळता शर्ट बुडवला आणि पाठीवर निळ्या बेटांचा नकाशा घेऊन बँकेत जाऊन आलो.

३. जपून ठेवलेलं वस्त्र ठेवल्या जागी मरतं. आईची १९६२ सालची पैठणी. कपाट ताब्यात आल्यावर मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आत मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवली. वर तीन ब्लँकेटं. भाचीच्या लग्नाला हिने ती काढली. पदर उलगडताना चर्र असा अगदी बारीक आवाज झाला. बघतो तर घडीच्या रेषेवर रेशीम वीतभर सरळ चिरलेलं, मोराच्या मानेतून आरपार. कडेची जर काळवंडलेली. शेवटी चांदीचीच तार ती, कोंदट दमटपणात काळी पडायचीच. ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रफूवाल्याकडे नेली. त्याने पदर खिडकीशी धरला, अंगठ्याने हलकेच चाचपला आणि म्हणाला, "काका, धागाच विरलाय. टाका घातला तर टाक्याशेजारी फाटेल. मागून मऊ अस्तर लावून घ्या." वर त्याने विचारलं, "घडी कधी बदलली होती?" घडी बदलायची असते? मला वाटायचं, घडी मोडायची नसते! आता आमच्याकडचं रेशीम जुन्या, धुतलेल्या धोतराच्या कापडात असतं, हँगरवर नाही; जरीच्या वजनाने साडी ओघळते. होळी झाली की आणि दिवाळीआधी, अशी वर्षातून दोनदा सावलीत वारा देतो आणि घडी मागच्या रेषा सोडून घालतो. डांबराच्या गोळ्या न्हाणीघरात गेल्या.

४. लोकर. गरम पाणी, वॉशिंग मशीन, माझा स्वेटर. सध्या नातू घालतो.

५. उसवलेली शिवण दिसली त्याच दिवशी बसावं, हे मला पटतं, होत नाही. सुईत दोरा ओवायला लागणारी दहा मिनिटं आड येतात. पण एकदा ओवला की मी सुटतो. काखेतली शिवण, लोंबतं बटण, परकराची नाडपट्टी. माझा धावदोरा लहान मुलाच्या अक्षरासारखा वर-खाली जातो, पण धरून ठेवतो. त्या अर्ध्या तासात घरातलं कोणी मला काम सांगत नाही, हा फायदा आधी कोणी सांगितला नव्हता.

६. कापड ओळखायला बोहारीण लागते. माझे सहा शर्ट तिच्यापुढे ठेवले, मनात एका पातेल्याचा हिशेब. तिने एकेक शर्ट उजेडाकडे धरला, कॉलरच्या मागे दोन्ही चिमटींनी हलकाच ताण दिला आणि चार बाजूला सारले. "इस्त्रीनं खाल्लेत." कडक इस्त्रीचा मला फार अभिमान होता. दोन शर्टांवर एक गाळणी मिळाली, तीही घासाघीस करून. उरलेले चार आता हिच्या मावशीकडे आहेत, त्या गोधडीला पोटात घालायला विरलेलं सुती कापडच मागतात. नवं टोचतं म्हणे.

पैठणीला अस्तर लागलं. परवा दिवाळीआधीची घडी बदलायला बसलो, तर ही म्हणाली, "आता घालू नका घडी. पाडव्याला नेसणार आहे." सध्या ती धोतरात सैल गुंडाळून पलंगावर आहे, आणि मला त्या पलंगावर चहा न्यायला बंदी आहे.