बोलीचे धन

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. कोकणात याचा प्रत्यय पावलोपावली येतो. डोंगरातून वाहणाऱ्या लहान ओढ्याला रत्नागिरीकडे ‘पऱ्या’ म्हणतात. तोच दक्षिणेस मालवणकडे ‘व्हाळ’ होतो. जॉर्ज ग्रियर्सन या पंडिताने भारतीय भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडात संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी अशा कोकणातील बोलींची नोंद आहे.

या बोलींतील कितीतरी शब्द तेथील भूमीतूनच उगवले आहेत. डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे सपाट पठार म्हणजे ‘सडा’. दगडावर नुसते दगड रचून घातलेली भिंत म्हणजे ‘गडगा’. चढणीवरची दगडी पायऱ्यांची वाट म्हणजे ‘पाखाडी’. पावसाळ्याचा आरंभ ती ‘आगोट’. नारळाचेच पाहा. कोवळा असताना ते शहाळे, अर्धवट तयार झाला की ‘अडसर’, आणि पुरता पिकला की नारळ!

म्हणीही बोलीचा वेश घेतात. एरवी आपण ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणतो; मालवणी माणूस ‘सरड्याची धाव वयपर्यंत’ म्हणतो. ‘वय’ म्हणजे कुंपणच. त्याच्या गप्पागोष्टींना नाव आहे ‘गजाली’.

शहरात गेलेली कित्येक मुले आजीची ही बोली चारचौघांत बोलण्यास लाजतात. बोली म्हणजे बिघडलेली भाषा, असा त्यांचा समज असतो. तो खरा नाही. मालवणीतील ‘हय, थय, खय’ हे शब्द ‘येथे, तेथे, कोठे’ यांच्याइतकेच नियमबद्ध आहेत. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्स या कवीने अठराव्या शतकात आपल्या मुलखाच्या बोलीत कविता रचल्या आणि त्या जगभर पोहोचल्या. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले.

पाखाडीच्या जागी डांबरी रस्ता झाला, गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत उभी राहिली, की त्या वस्तूंबरोबर त्यांची नावेही विस्मरणात जाऊ लागतात. म्हणून मुलांनो, शाळेत प्रमाण भाषा मन लावून शिका. पण घरी आजीआजोबांच्या तोंडचा एखादा अनोळखी शब्द कानी पडला, तर त्याचा अर्थ विचारा आणि तो वहीत टिपून ठेवा.

स्वाध्याय

१. अर्थ सांगा : सडा, पाखाडी, आगोट, गजाली.
२. बोली ही बिघडलेली भाषा नाही, हे लेखकाने कसे पटवून दिले आहे?
३. तुमच्या गावच्या बोलीतील दहा शब्द व दोन म्हणी अर्थासह लिहून आणा.