बोट गरम करून दाखवा!

थंडीच्या दिवसांत पहिल्या तासाला अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत मुले हात चोळतच येतात. एका डिसेंबरात मी त्यांना एक गंमत करायला सांगितली. तापमापीचा फुगा तर्जनीच्या पेराला चिकटपट्टीने बांधायचा, आतला रंगीत स्तंभ स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि मग बोट न हलवता, केवळ मनाने, ते गरम करायचे!

एका मुलीचा तापमापी दहा मिनिटांत २८ अंशांवरून ३१ वर गेला. अकोल्याहून शिकायला आलेला एक मुलगा, वर्गात सर्वांत जिद्दी, दातओठ खाऊन आकड्याकडे पाहत बसला होता. त्याचे २८ चे २६ झाले. "तुझे लक्ष नाही," असे मी त्याला सर्वांदेखत म्हणालो. तो खाली मान घालून निघून गेला. माझे म्हणणे साफ चुकीचे होते. ते कसे, हे पाहू.

बोटात स्वतःची उष्णता फारच थोडी निर्माण होते. ती रक्ताबरोबर येते. म्हणून बोटाचे तापमान म्हणजे तिथल्या रक्तप्रवाहाचे एक मापच होय. मन ताणले गेले, की अनुकंपी मज्जातंतू त्वचेतील बारीक रोहिण्या आकुंचित करतात, रक्त कमी येते आणि बोट थंड पडते. परीक्षेच्या हॉलमध्ये हात गार का पडतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. तेव्हा आमच्या त्या विद्यार्थ्याने जितका जोर लावला, तितके बोट गार होणारच!

पण मग तापमापीचा उपयोग काय? चिंचेवर दगड मारताना पहिला दगड डावीकडे गेलेला दिसतो, म्हणून पुढचा आपण थोडा उजवीकडे मारतो. डोळे बांधून शंभर दगड मारले तरी नेम सुधारणार नाही. कृतीचा परिणाम कर्त्याला परत कळणे यास प्रत्याभरण म्हणतात. शरीरात आत काय चालले आहे ते उपकरणाने त्याच व्यक्तीला दाखवून, तिला ते बदलायला शिकवणे म्हणजे बायोफीडबॅक.

या विषयाची एक वाट आपल्या महाराष्ट्रातूनही जाते. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी शरीरातील दाब उपकरणांनी मोजले. पुढे अमेरिकेतील वेंगर व बागची आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी, हृदय थांबवतो असे म्हणणाऱ्या योग्यांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास रोखून छातीचे स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई, नाडी लागेनाशी होई. पण विद्युत् हृल्लेखात ठोके चालूच दिसत! हृल्लेख पाहिल्यावाचून हे त्या योग्याला तरी कसे कळणार?

वेंगर व बागची यांना आणखी एक योगी भेटला. तो कपाळावर इच्छेनुसार घाम आणी. हिमालयातील गुहेत थंडीशी झगडताना उष्णतेची कल्पना करण्याचा सराव त्याने केला होता. त्याच्याजवळ यंत्र नव्हते. होती ती कल्पनाशक्ती.

येथे स्वभावाचा प्रश्न येतो. यशापयश आपल्याच हाती आहे असे काहींना वाटते, तर काहींना ते नशिबावर वा परिस्थितीवर अवलंबून वाटते. रे व लॅम्ब यांनी १९७४ मध्ये अशा दोन गटांना हृदयाचे ठोके बदलायला सांगितले. पहिल्या गटाला ठोके वाढवणे अधिक चांगले जमले, दुसऱ्याला कमी करणे! म्हणजे एकच गट सरस ठरला नाही.

क्वॉल्स व शीहान यांचा १९७९ चा प्रयोग मला याहूनही मोलाचा वाटतो. काही माणसे गाण्यात, गोष्टीत, स्वतःच्या कल्पनेत सहज रमतात. स्नायू सैल सोडताना अशांना यंत्राच्या संकेताची मदत होण्याऐवजी अडथळाच झाला. संकेत नसताना ती अधिक शिथिल झाली. सहज न रमणाऱ्यांना मात्र यंत्राचा उपयोग झाला. हे सारे प्रयोग थोड्याथोड्या व्यक्तींवरचे आहेत आणि पुढच्या संशोधकांचे निष्कर्ष सर्वत्र जुळलेले नाहीत. तेव्हा केवळ स्वभाव पाहून कुणाला यश मिळेल याचे भाकीत करू नये.

हे वाचल्यावर मी त्या मुलाला पुन्हा बोलावले आणि आधी झाल्या गोष्टीबद्दल चूक कबूल केली. या वेळी तापमापीचे तोंड माझ्याकडे वळवले आणि त्याला म्हटले, "आकडा विसर. तुमच्या शेतात हुरड्याची आगटी पेटली आहे, तू शेजारी बसला आहेस." तो डोळे मिटून बसला. काही वेळाने गालातल्या गालात हसलाही. दहा मिनिटांनी स्तंभ ३० अंशांवर होता.

यावरून सिद्ध काय झाले? खरे तर फारसे काही नाही. दुसऱ्या खेपेस त्याची भीती गेली होती, खोलीही थोडी उबदार असेल. तुम्ही करून पाहाल तेव्हा रोज एकाच वेळी, पंखा बंद ठेवून करा आणि खोलीचे तापमानही लिहा. एक दिवस आकडा पाहून, एक दिवस न पाहता, असे निदान दहा दिवस. तापमापी पाऱ्याचा नको, रंगीत स्पिरिटचा घ्या. मित्राची वही मात्र आपली मोजणी पुरी होईपर्यंत उघडू नका.